टॉवर स्पीकर आणि आमची खोली : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

काम नक्की झालं. समोर टॉवर स्पीकरची, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच स्पीकरची जोडी, टीव्हीखाली सेंटर म्हणजे मधला स्पीकर, खालच्या स्वरांसाठी एक सबवूफर. बाजूचे लहान स्पीकर आणि सगळ्यांना आवाज पुरवणारा रिसीव्हर आहेत तेच राहतील. कारण साधं आहे. सिनेमा सुरू झाला की आई थोड्या थोड्या वेळानं विचारते, "काय म्हणाला रे तो?" आवाज वाढवला की पुढच्या मारामारीला तीच म्हणते, "कमी कर आधी." म्हणून कसोटी ठरवून ठेवतो: सोफ्याच्या मधल्या जागेवरून आणि कडेच्या जागेवरूनही प्रत्येक शब्द कळला पाहिजे, आवाज न वाढवता. छातीत जाणवणारा बास मलाही हवा आहे, पण तो त्यानंतर.

७ जानेवारी

स्पीकर बघण्याआधी खोली मोजली. लांबी ५.२ मीटर, रुंदी ३.७, उंची २.९. टीव्ही आखूड भिंतीवर, सोफा समोरच्या टोकाला भिंतीला चिकटून.

दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी तरंगलांबी नेमकी बसते तो आवाज खोलीत घुमतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीसाठी हा आकडा ३३ हर्ट्झ (सेकंदाला ३३ कंपनं), रुंदीसाठी ४६ आणि उंचीसाठी ५९. त्यांच्या पटीतही तेच होतं, म्हणजे लांबीचा पुढचा घुमारा ६६ला, रुंदीचा ९३ला. भिंतीला लागून हे सगळे सर्वांत जोरात ऐकू येतात आणि आमचा सोफा तिथेच आहे.

श्रोडर या भौतिकशास्त्रज्ञाच्या सूत्रानं खोलीची सीमाही काढली. घनफळ सुमारे ५६ घनमीटर, आवाज विरायला लागणारा वेळ अंदाजे अर्धा सेकंद, त्यावरून उत्तर १९० हर्ट्झच्या आसपास येतं. ही काही काटेकोर रेघ नव्हे, पण तिच्या खाली काय ऐकू येणार हे मुख्यतः खोली आणि बसायची जागा ठरवते, वर मुख्यतः स्पीकर. खरेदीचा अर्धा निर्णय इथेच झाला असं मला वाटतं. कितीही महागडा टॉवर आणला तरी ३३ आणि ६६चे घुमारे तसेच राहणार. स्पीकर निवडायचा तो १९०च्या वर काय करतो ते बघून. खालचं काम सबवूफर, जागा आणि मोजमाप यांचं.

१४ जानेवारी

दोन जोड्या शेवटच्या यादीत उरल्या आहेत. पहिली थोराड: तीन ८ इंची वूफर (खालच्या स्वरांचे शंकू), ४ ओहम (विजेला होणारा रोध), संवेदनशीलता (ठरावीक विजेत किती मोठा आवाज) ९० डेसिबल. दुसरी सडपातळ: दोन साडेसहा इंची वूफर, ८ ओहम, ८९ डेसिबल. वरवर पाहिलं तर पहिली एका डेसिबलनं पुढे.

पण हे आकडे २.८३ व्होल्टला, एक मीटरवर मोजलेले आहेत. २.८३ व्होल्ट ८ ओहममध्ये १ वॅट देतात, ४ ओहममध्ये २ वॅट. वॅट दुप्पट म्हणजे ३ डेसिबल, तेव्हा एका वॅटच्या हिशेबात पहिली जोडी ८७वर उतरते आणि दुसरी ८९वरच राहते. माहितीपत्रकात ओहम आणि डेसिबल शेजारी ठेवूनच वाचावेत, एकटा आकडा काही सांगत नाही.

आता रिसीव्हरचा हिशेब. सिनेमाच्या संदर्भ पातळीला, म्हणजे थिएटरसाठी ठरलेल्या आवाजाला, प्रत्येक मुख्य चॅनेलचे (एकेका स्पीकरला जाणाऱ्या आवाजाचे) उंचावलेले क्षण १०५ डेसिबलपर्यंत जातात. घरी एवढ्या आवाजात आम्ही कधीच बघणार नाही, १० डेसिबल खाली धरतो. म्हणजे सोफ्यावर ९५. सोफा स्पीकरपासून २.९ मीटरवर आणायचा विचार आहे. त्या अंतरात मोकळ्या जागेत ९ डेसिबल गळतात (खोलीत थोडे कमी), म्हणून स्पीकरपाशी १०४ हवेत. दुसऱ्या जोडीला त्यासाठी सुमारे ३३ वॅट लागतात, पहिलीला ५२. दोन्ही आवाक्यातले. मात्र पहिली ती ताकद ४ ओहमवर मागते, आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे ४ ओहम लिहिलेला स्पीकर काही वारंवारतांना ३.२पर्यंत उतरू शकतो. आमच्या रिसीव्हरची ताकद तर दोनच चॅनेल चालू असताना मोजलेली आहे. पाचही चॅनेल एकदम कामाला लागले की तेवढी मिळत नाही. इथे माझा कौल दुसऱ्या जोडीकडे झुकला.

२० जानेवारी

आज फक्त दोन्ही जोड्यांच्या मापांचे आलेख वाचले. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हार्मन या स्पीकर कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या. त्यांतून पुन्हा पुन्हा हेच दिसलं की स्पीकर कुठला हे दिसत नसेल तर बहुतेकांना तोच आवडतो, ज्याचा समोरचा आवाज सपाट असतो आणि बाजूंना जाणारा आवाज गुळगुळीतपणे कमी होत जातो. स्पीकर मोजण्याचं सीटीए-२०३४ हे मानक त्या कामातूनच आलं: स्पीकरभोवती आडव्या आणि उभ्या वर्तुळात दर १० अंशांवर, एकूण ७० मापं.

बाजूला जाणारा आवाज का बघायचा? कारण सोफ्यावर पोचणारा बराचसा आवाज भिंतींवरून येतो. समोर सपाट पण ४० अंशांवर खड्डे असलेला स्पीकर खोलीत रंग बदलतो, आणि हा दोष इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारी सोय) दुरुस्त करू शकत नाही. तो समोरचा आणि बाजूचा आवाज एकत्रच हलवतो.

पहिल्या जोडीचा बाजूचा आलेख २ ते ३ हजार हर्ट्झमध्ये खाली जाऊन पुन्हा वर येतो. मोठा मिडरेंज (मधल्या स्वरांचा शंकू) जिथे आवाज वरच्या स्वरांच्या लहान ट्वीटरकडे सोपवतो तिथे असं होतं: शंकू मोठा असल्यानं तो वरच्या स्वरांत आवाज अरुंद फेकतो, ट्वीटर एकदम रुंद. दुसऱ्या जोडीत ट्वीटरभोवती उथळ कर्णा आहे, त्यामुळे सांधा जवळजवळ दिसत नाही. व्यंजनं ओळखू येतात ती याच पट्ट्यात, म्हणून हा फरक माझ्यासाठी वूफरच्या आकारापेक्षा खूप मोठा.

२१ जानेवारी

सेंटर. खरं तर हीच सगळ्यात महत्त्वाची नोंद असावी, कारण सिनेमातले बहुतेक संवाद टॉवरमधून नव्हे, सेंटरमधून येतात. टॉवर निवडताना त्याच मालिकेतला सेंटर चांगला आहे का, हे आधी बघायला हवं.

नेहमीचा आडवा सेंटर म्हणजे मध्ये ट्वीटर, दोन्ही बाजूंना एकेक वूफर. समोर बसलं तर उत्तम. कडेला बसलं की दोन वूफर कानापासून वेगवेगळ्या अंतरावर जातात. गणित करून पाहिलं. वूफरच्या केंद्रांमध्ये ३४ सेंटिमीटर, आईची जागा मध्यापासून एक मीटर बाजूला, म्हणजे साधारण १९ अंश. दोन वाटांमधला फरक ११ सेंटिमीटर. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी ११ सेंटिमीटर असते तो तिथे एकमेकांना खाऊन टाकतो: सुमारे १,५५० हर्ट्झ. शब्दांच्या मधोमध खड्डा! आईला ऐकू कमी येतं असं आम्ही धरून चाललो होतो, पण आताचा सेंटर याच धाटणीचा आहे आणि ती कायम कडेलाच बसते.

उपाय एक तर तीन-मार्गी सेंटर, ज्यात मध्ये ट्वीटरच्या खाली उभा मिडरेंज असतो आणि बाजूचे वूफर काही शे हर्ट्झच्या खालीच काम करतात. नाहीतर तिसरा उभा स्पीकर, पण त्याला टीव्हीखाली जागा नाही. दुसऱ्या जोडीच्या मालिकेत तीन-मार्गी सेंटर आहे. पहिलीच्या मालिकेत नाही.

२७ जानेवारी

दोन्ही जोड्या ऐकल्या. आधी पिंक नॉइज (सगळे स्वर असलेली सळसळ) लावून मीटरवर पातळी सारखी करून घेतली, कारण अर्ध्या-एक डेसिबलनं मोठा स्पीकर मोठा न वाटता "चांगला" वाटतो. भावाला बदलायला बसवलं आणि मी डोळे मिटून ऐकलं. टूल आणि ऑलिव्ह यांच्याच १९९४च्या प्रयोगात स्पीकर दिसू लागताच त्याच माणसांनी दिलेले गुण बदलले होते. माझं मन त्याहून घट्ट असेल असं धरायचं कारण नाही.

ऐकायला संगीत थोडं, बोलणं जास्त: बाईचा आवाज, जाड पुरुषी आवाज, कुजबुज, गर्दीतलं संभाषण. जाड आवाजात पहिली जोडी छातीतून बोलल्यासारखी फुगत होती. दुसरीत माणूस समोर उभा राहिला. बासमध्ये पहिली सहज पुढे होती, ते मान्य. पण तो बास त्या खोलीतला होता, आमच्या खोलीतला नव्हे.

२८ जानेवारी

दुसरी जोडी आणि तिचाच तीन-मार्गी सेंटर. भावानं विचारलं, "दादा, खालचा आवाज सबवूफरच देणार तर टॉवर तरी कशाला? स्टँडवरचे लहान घे की." रास्त प्रश्न आहे. स्टँड टॉवरएवढीच जमीन खातो, हे एक. दुसरं, १०० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन वूफर आणि मोठी पेटी असली की मोठ्या आवाजातही शंकूंना कमी हलावं लागतं, विकृती कमी राहते. आवाजाचं अंग याच पट्ट्यात असतं. टॉवर घ्यायचा तो ३० हर्ट्झसाठी नव्हे, या पट्ट्यातल्या निवांतपणासाठी.

३ फेब्रुवारी

स्पीकर आले. खोका उघडून उलटा करायचा आणि वर उचलायचा, स्पीकर ओढून काढायचा नाही. तळाला बाहेर आलेले पाय आधी जोडले, कारण एक मीटर उंचीची अरुंद वस्तू लहान मुलाच्या धक्क्यानंही कलंडते. फरशीवर टोकदार खिळे नकोत, रबरी पायच ठेवले. स्पीकर डुगडुगत नाही ना, एवढं बघितलं.

४ फेब्रुवारी

आज पैसे न लागता सगळ्यात मोठा बदल झाला: सोफा मागच्या भिंतीपासून दीड मीटर पुढे आणला.

रूम ईक्यू विझार्ड हा मोफत प्रोग्रॅम आणि मापन मायक्रोफोन घेऊन आधी भिंतीलगत स्वीप (खालून वर सरकत जाणारा स्वर) घेतला. ३३ आणि ६६ला दोन शिखरं, हिशेबात आली होती तिथेच. नंतर दर ३० सेंटिमीटरला एक माप. खोलीच्या बरोब्बर मध्यावर ३३ हर्ट्झ जवळपास नाहीसा होतो, म्हणजे तिथेही बसायचं नाही. लांबीच्या पाऊण अंतरावर, ३.९ मीटरला, ६६ गायब. या दोहोंच्या मध्ये, समोरच्या भिंतीपासून ३.६५ मीटरवर, दोन्ही स्वर बेताचे राहतात. सोफा तिथे थांबला. खोलीतून जायला यायला मागून वाट झाली, ती घरात सगळ्यांना आवडली हा वरचा फायदा.

टॉवर एकमेकांपासून २.५ मीटर, पुढचा पृष्ठभाग भिंतीपासून ०.७५वर. सोफ्याशी प्रत्येकाचा कोन सुमारे २३ अंश. डॉल्बीच्या २२ ते ३० अंशांच्या शिफारशीत बसतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं बीएस.७७५ मानक ३० अंश सांगतं. फक्त संगीत ऐकायचं असतं तर मी तिकडे गेलो असतो, पण टीव्हीच्या चित्रापासून आवाज फार बाहेर गेलेला सिनेमाला खटकतो.

बाजूची भिंत टॉवरच्या मध्यापासून ०.६ मीटर. मागची आणि बाजूची अंतरं मुद्दाम वेगळी ठेवली. सारखी असती तर दोन्ही भिंतींचे खड्डे एकाच वारंवारतेच्या आसपास पडले असते.

१० फेब्रुवारी

वायर. २.५ चौरस मिलिमीटर तांबं, सर्वांत लांब वाट सहा मीटर. जाऊन-येऊन बारा मीटरचा रोध ०.०८ ओहमच्या आसपास, ८ ओहमपुढे नगण्य. याहून जास्त विचार वायरवर करायची गरज नाही.

धन-ऋण मात्र काळजीपूर्वक. एकाच आवाजातलं बोलणं दोन्ही टॉवरमधून लावलं: आवाज बरोबर मधोमध, घट्ट. एका बाजूच्या तारा मुद्दाम उलटवून फरकही ऐकून ठेवला. आवाज डोक्याभोवती पसरतो, खालचं अंग नाहीसं होतं. एकदा ऐकलं की पुन्हा विसरत नाही.

११ फेब्रुवारी

टॉवर सोफ्याकडे वळवले, दोघांचे अक्ष डोक्याच्या थोडे मागे मिळतील इतपत. अगदी कानावर रोखले की वरचे स्वर टोचतात, सरळ ठेवले की मधला आवाज सैल पडतो.

मग मोजमाप, आणि ११४ हर्ट्झला खड्डा. अपेक्षित होता. स्पीकरमागच्या भिंतीवर जाऊन परतणारा आवाज ०.७५ची दुप्पट, म्हणजे दीड मीटर जास्त चालतो. तीन मीटर तरंगलांबीच्या स्वरासाठी तो नेमका उलटा होऊन येतो. इक्वलायझरनं असा खड्डा भरत नाही. ६ डेसिबल वाढवले की चौपट वॅट जातात आणि भिंतीवरून येणारा उलटा आवाजही तेवढाच वाढतो. तळ फुटलेल्या घागरीत पाणी ओतण्यातलाच प्रकार. स्पीकर भिंतीजवळ नेला तर खड्डा वर सरकतो, जाड आवाजाच्या अंगात. तिथे तो मला मुळीच नको. आज तसाच ठेवला, सबवूफर आल्यावर बघू.

१७ फेब्रुवारी

सबवूफर सोफ्यावर, नेमका बसायच्या जागी ठेवला, खालच्या स्वरांचा स्वीप लावला आणि मायक्रोफोन समोरच्या भिंतीलगत जमिनीवरून फिरवला. देणारा आणि घेणारा यांच्या जागा अदलाबदल केल्या तरी खोलीचं उत्तर तेच येतं, म्हणून जड पेटी ढकलत फिरावं लागत नाही. कोपऱ्यात आवाज मोठा पण ९३च्या आसपास ओबडधोबड. डाव्या भिंतीपासून ०.९५ मीटरवर तो सपाट झाला. ही रुंदीची जवळजवळ पाव जागा, आणि रुंदीचा ९३चा घुमारा इथून चेतवलाच जात नाही. डाव्या टॉवरच्या आत जेमतेम जागा होती, तिथे बसवला.

१८ फेब्रुवारी

रिसीव्हरचं स्वयंचलित मापन. पंखे बंद, मायक्रोफोन तिकाटण्यावर, कानाच्या उंचीवर. हातात धरून किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवून हे माप घेऊ नये, पाठीवरून परतणारा आवाजही त्यात मोजला जातो.

निकालात टॉवर "लार्ज" आले. ते "स्मॉल" केले. स्पीकरच्या मापाशी या नावांचा संबंध नाही, खालचे स्वर सबवूफरकडे वळवायचे की नाही एवढंच त्यातून ठरतं. सबवूफरचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा मीटरभर जास्त दाखवलं. ते दुरुस्त करू नये: सबवूफरच्या आतल्या प्रक्रियेला लागणारा वेळ रिसीव्हर अंतरात मांडतो. दुरुस्तीची वरची मर्यादा ३०० हर्ट्झ ठेवली. त्याच्या वर हा स्पीकर सपाट आहे म्हणूनच घेतला होता.

२५ फेब्रुवारी

दिवसभराचं काम, आणि सगळ्यात समाधानाचं.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे स्वर सबवूफरकडे जातात ती सीमा: ८० हर्ट्झ हा रूढ आकडा, सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सनं रुळवलेला. मी तो १०० केला. कारण तो ११४चा खड्डा. सबवूफर भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर आहे, त्यामुळे त्याचा स्वतःचा भिंतीचा खड्डा २८० हर्ट्झच्या वर पडतो, तिथे तो वाजतच नाही. क्रॉसओव्हर वर नेला की ११४ला टॉवर जिथे मुका होतो तिथे सबवूफर अजून बोलत असतो. सबवूफर समोरच, टॉवरच्या शेजारी असल्यानं आवाज कुठून येतो ते कळून येण्याचीही भीती नाही. एलएफईची (सिनेमातल्या खास बास चॅनेलची) मर्यादा १२०वरच.

मग दोघांची वेळ जुळवली. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४३ मीटर, म्हणजे अंतराच्या आकड्यात ३० सेंटिमीटर बदलले की कला, म्हणजे तरंगाची चक्रातली जागा, ३१ अंशांनी सरकते. सबवूफरचं अंतर थोडं थोडं बदलत गेलो आणि सांध्यापाशी एकत्रित आवाज सर्वांत जास्त कुठे भरतो ते पाहिलं. मापनानं दिलेल्या आकड्यापेक्षा ६० सेंटिमीटर वाढवल्यावर खड्डा बराच उथळ झाला. पूर्ण गेला नाही, पण कानाला आता सापडत नाही. टॉवरच्या पोर्टमध्ये (पेटीच्या हवेच्या भोकात) सोबत आलेले फोमचे बोळे घातले. त्यानं खालचा उतार सौम्य झाला आणि सांधा आणखी स्वच्छ.

२ मार्च

बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत नेला. सोफ्यावरून ज्या जागी ट्वीटर दिसला, तिथे १० सेंटिमीटर जाड रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज तंतूंचे) फलक. सोफा आणि टॉवर यांच्यामध्ये जाड गालिचा. टाळी वाजवली की आधी भिंतींमधून फडफड ऐकू यायची, ती गेली. पातळ पडदे वरचेच स्वर खातात आणि खोली गढूळ करतात, म्हणून फलकांची जाडी कमी करू नये असं माझं ठाम मत आहे.

९ मार्च

सेंटर पुढून थोडा उचलून ट्वीटर कानाकडे वळवला. टीव्हीच्या कपाटाच्या कडेच्या आत ठेवला तर फळीवरून आवाज उसळतो, म्हणून अगदी कडेपर्यंत पुढे आणला.

संध्याकाळी आई तिच्या कडेच्या जागेवर. आवाज नेहमीपेक्षा ६ डेसिबल खाली. कुजबुजीचा प्रसंग आला, मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? कळतंय मला." थोड्या वेळानं एका गर्दीच्या प्रसंगात मात्र तिला दोन वाक्यं सुटली. सेंटरची पातळी दीड डेसिबलनं वाढवून तोच भाग पुन्हा लावला, दोन्ही वाक्यं मिळाली. त्याहून वाढवला तर आवाज चित्रातून सुटा होऊन पुढे येतो, म्हणून तिथेच थांबलो. रात्री स्फोटांसाठी रिसीव्हरचं डायनॅमिक रेंज कमी करणारं सेटिंग चालू ठेवायचं, दिवसा बंद.

सध्याची सेटिंग: पुढचे तिन्ही स्पीकर स्मॉल, क्रॉसओव्हर १००, एलएफई १२०, सेंटर अधिक १.५, दुरुस्ती ३००पर्यंत. राहिलेलं काम: बाजूचे स्पीकर कानाच्या वर थोडे उचलायचे आणि सोफ्यामागच्या भिंतीसाठी जाड फलक बनवायचे. आधी रॉकवूल मागवतो.